'बिनविरोध विजयी' म्हणजे नक्की काय?

काल मित्राने त्याच्या गावातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'बिनविरोध विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय, हे दोन शब्द शेजारीशेजारी मीही कित्येकदा लिहिलेत. आता खटकतात.

विजय म्हटला की समोर कुणीतरी हरलेलं लागतं. कबड्डीत समोरचा संघ आलाच नाही तर आपण 'पुढे चाल मिळाली' म्हणतो. दणदणीत विजय म्हणून गुलाल उधळत नाही. कायदाही इथे जिंकण्याची भाषा करत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ५३ : जागा तेवढेच उमेदवार उरले तर अधिकाऱ्याने त्यांना निवडून आलेले म्हणून घोषित करायचं. बस्स. २०२४ ला सुरत लोकसभेत हेच झालं. एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, आणि मतदारांना 'नोटा'चं बटणसुद्धा दाबायला मिळालं नाही.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ग्रामपंचायतीची बातमी मी दिली होती, 'गावाने घालून दिला आदर्श'. खर्च वाचला, तंटे टळले, वगैरे सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी आठवडी बाजारात एक ताई भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, विरोध नव्हता असं कसं लिहिलंत? मी होते की."

त्यांनी अर्ज भरला होता. माघारीच्या आदल्या रात्री चार प्रतिष्ठित आणि सख्खा दीर दोन वाजेपर्यंत घरात ठाण मांडून बसले. दुसऱ्या दिवशी तीनच्या आत माघारीच्या अर्जावर सही झाली. मी म्हटलं, छापतो. त्या म्हणाल्या, "आता नको. पोरांना तिथंच राहायचंय."

मी छापलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सगळीच गावं अशी नसतात. ग्रामसभेत खुलेपणाने ठरवून बिनविरोध केलेली गावंही मी पाहिलीत, तिथे चहा प्यायलोय. पण २०२१ मध्ये उमराणे आणि खोंडामळीत पदांच्या लिलावाचा प्रकार पुढे आला आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूकच रद्द करावी लागली, हेही विसरू नका.

हल्ली मी बातमीत लिहितो, 'सात अर्ज आले, सहा मागे घेतले गेले, एक उरला.' डेस्कवरचा पोरगा फोन करतो, "सर, मथळ्यात बसत नाही, बिनविरोध करू का?"

तुमच्या गावात यंदा किती अर्ज मागे घेतले गेले? आणि कुणी? कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये सांगा.