भागीदारीचा रस्ता

देगलूरहून हैदराबादेस जावयाचे म्हणजे सडकेखेरीज गत्यंतर नाही. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेड, धर्माबाद करीत निघून गेला आणि आमचे गाव बाजूस राहिले. त्यामुळे सडकेची थोरवी आम्हांस कोणी पटवून द्यावी असे नाही. आता ही सडक १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाली असून सीमेपलीकडे तेलंगणातील तिचे टप्पे सरकार व खाजगी कंपन्या यांच्या भागीदारीतून चौपदरी झाले आहेत. प्रवास सुखाचा झाला, हे आम्ही प्रथमच कबूल करतो.

२०१६ साली मान्य झालेली ही भागीदारीची रीत मोठी युक्तीची आहे. बांधकामाच्या रकमेपैकी शेकडा ४० भाग सरकार काम चालू असतानाच देते. उरलेला ६० भाग कंपनीने उभा करावयाचा. तो तिला पुढे १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी, व्याजासह मिळतो, आणि तेवढा काळ रस्त्याची डागडुजीही तिच्याकडेच असते. टोल सरकारजमा होतो. म्हणून वाहने कमी धावली तरी कंपनीस त्याची झळ नाही.

आमच्या एका आप्तांचे शेत अशाच भागीदारीतल्या एका रस्त्याला लागून आहे. तो रस्ता कोणता, हे येथे सांगण्याचे कारण नाही. भराव उंच झाला, आणि शिवारातले पाणी ज्या वाटेने ओढ्याला मिळत असे ती वाट बुजली. पहिल्याच पावसाळ्यात चार एकर सोयाबीन पाण्यात उभे राहून कुजले. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. आप्त गुत्तेदाराकडे गेले, तर तो म्हणाला, सरकारकडे जा. कचेरीत गेले, तर साहेब म्हणाले, देखभाल कंपनीची आहे. आम्ही इंग्रजी शिकलेले म्हणून त्यांनी आम्हांस सोबत नेले. आमच्या इंग्रजीने एवढेच झाले की तेच उत्तर आम्हांस खुर्चीवर बसवून देण्यात आले.

त्या दिवशी परत येताना अघोरनाथ चट्टोपाध्याय यांची फार आठवण झाली. सरोजिनी नायडूंचे हे वडील हैदराबादेत कॉलेजचे प्राचार्य होते. १८८३ साली निजाम सरकार लंडनच्या भांडवलवाल्यांशी लोहमार्गाचा करार करीत होते. मार्ग पुढे चांद्याकडे न्यावयाचा होता, आणि कंपनीच्या भांडवलावर २० वर्षे शेकडा ५ व्याजाची हमी राज्याच्या तिजोरीने द्यावयाची होती. अघोरनाथांनी व त्यांच्या सोबत्यांनी मागणी केली ती एवढीच, की कराराचे कागद लोकांपुढे ठेवा. त्याबद्दल ते नोकरीतून दूर झाले आणि मे महिन्यात हैदराबादेतून हद्दपार झाले. पुढे त्यांना परत बोलावण्यात आले, पण करार तोवर होऊन गेला होता. ती कंपनी राज्याने विकत घेतली ती १९३० साली.

आज हद्दपारी नाही. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, आणि दहा रुपयांच्या अर्जावर कागद मागता येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तर अशा भागीदारीसाठी शेकडा ७० बाधित कुटुंबांची आगाऊ संमती हवी असे लिहिले आहे. मात्र त्याच कायद्याने राष्ट्रीय महामार्गांची जमीन या अटीतून वगळली. भरपाईचे व पुनर्वसनाचे नवे नियम तेवढे १ जानेवारी २०१५ पासून तिला लागू झाले. वर्गात हे कलम शिकविताना आमच्याने विद्यार्थ्यांकडे पाहवत नाही. त्यांतले निम्मे कुणबाऊ घरांतले असतात.

आम्ही अर्ज लिहिला. दोन स्मरणपत्रांनंतर नकाशा हाती आला. आप्तांच्या बांधापासून वीस पावलांवर नकाशात एक मोरी काढलेली होती. तिच्या नळाचा व्यासही नोंदलेला होता. तो कागद घेऊन आम्ही दोघे भरावावर उभे राहिलो आणि खाली पाहिले, तर तेथे सलग माती, आणि मातीवर नीट लावलेले गवत.

कचेरीचे म्हणणे, नकाशा पुढे बदलला असेल. कंपनीचे म्हणणे, तसे सरकारने लेखी कळवावे. हे पत्र अजून निघावयाचे आहे. यंदा मृगाआधी आप्तांनी जेसीबी भाड्याने आणून शेताच्या कडेने ओढ्यापर्यंत चर खणून घेतला. त्यात त्यांची दोन गुंठे जमीन गेली. भाड्याची पावती त्यांनी आमच्याकडे ठेवावयास दिली आहे. ती भागीदारांपैकी कोणाकडे पाठवावी, असे ते विचारतात.