शेवटचे किती?

यादींतील पहिलें नांव कोणासही सांपडतें. शेवटचीं तीन नांवें काढावयाचीं म्हटल्यास मात्र यादी केवढी आहे, हें आधीं ठाऊक असावें लागतें. आणि यादी तर वाढत असते. संगणकाच्या वर्गांत आम्ही पायथन ही भाषा शिकवितों. नेदरलंड्समधील गिडो व्हान रॉसम यांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यांत ही अडचण मोठ्या सोयीनें दूर केलेली आहे.

तेथें यादीचीं स्थानें शून्यापासून मोजतात. चाळीस मुलांच्या यादींत पहिल्याचें स्थान ०, शेवटच्याचें ३९. परंतु त्याच शेवटच्या मुलास उणें १ या आंकड्यानेंही हांक मारतां येते. त्याच्या आधींचा उणें २. यादीच्या नांवापुढें चौकोनी कंसांत उणें ३ व त्यापुढें अपूर्णविराम लिहिला, कीं शेवटचीं तीन नांवें मूळ क्रमानें हातीं येतात. यादींत दोनच नांवें असतील तर दोनच मिळतात. शिवाय हातीं येते ती नवी प्रत होय. मूळ यादीस धक्का लागत नाहीं. १९९५ सालच्या जावास्क्रिप्ट या भाषेंत मात्र जपावें लागतें. तेथें 'स्लाइस' ही आज्ञा प्रत देते, पण 'स्प्लाइस' ही तींच नांवें मूळ यादींतून उपटून काढते.

आमच्या नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं चांचणीच्या गुणांची उतरती यादी करून, अनुत्तीर्ण मुलांच्या पालकांस जादा तासांविषयीं पत्रें छापणारी एक आज्ञावली लिहिली. अनुत्तीर्ण किती तें मोजावें आणि शेवटचीं तितकीं नांवें घ्यावीं, अशी तिची रचना. दोन चांचण्यांत ती बिनचूक चालली. तिसरींत सर्व मुलें उत्तीर्ण झालीं, आणि यंत्रानें चाळीसही पत्रें छापलीं! सर्वांत वरचें पत्र पहिल्या आलेल्या मुलीच्या वडिलांस होतें. तें धाडण्यापूर्वींच आमच्या दृष्टीस पडलें, म्हणून बरें. एरव्हीं चाळीस घरीं त्या रात्रीं काय झालें असतें, याची कल्पना पालकांस करतां येईल.

दोष कोठें होता? अनुत्तीर्णांची संख्या शून्य होती. उणें शून्य म्हणजे शून्यच. आणि शून्याच्या स्थानापासून शेवटपर्यंत म्हणजे सगळी यादी. 'स्लाइस'चीही हीच गत. जपानांत जन्मलेल्या रुबी या भाषेंत 'लास्ट' या आज्ञेस शून्य सांगितल्यास मात्र रिकामी यादी मिळते. मुलांनीं यादीच्या लांबींतून हवी ती संख्या वजा करून आरंभाचें स्थान ठरविलें. शून्याचा प्रश्न सुटला. पण दोन नांवांतून तीन मागतांच वजाबाकी उणें १ आली व एकच नांव मिळालें. अखेरीस त्यांनीं पहिली रीत ठेवून आरंभींच स्पष्ट लिहिलें, कीं संख्या शून्य असल्यास रिकामी यादी द्यावी. चौथ्या चांचणीस पत्रें बरोबर निघालीं.

विद्यार्थिमित्रहो, आपली आज्ञावली तीन नांवांवर तपासून थांबूं नका. एकही नांव नसतांना ती काय करील, हें आधीं करून पाहा. आणि घरीं मूल अशी आज्ञावली कौतुकानें दाखवूं लागलें, तर पालकांनीं 'एकही नसेल तर?' एवढें अवश्य विचारावें. त्यासाठीं स्वतःस संगणक यावा लागत नाहीं.