शिरोड्याच्या चुलीवर कोरियाचा गोड बन

वेंगुर्ल्याहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता आरवलीच्या वेतोबाचे देऊळ मागे टाकून शिरोड्यात शिरतो. एका अंगाला वेळागरचा किनारा, दुसरीकडे माड-पोफळींच्या बागा आणि खाडीच्या पाण्यावर पोसलेली मिठागरे. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उथळ वाफ्यांतून उन्हात दाट करायचे आणि तळाशी बसलेले मीठ ओढून त्याचे ढीग लावायचे, असा हा जुना उद्योग. १९३०च्या मे महिन्यात याच मिठासाठी महाराष्ट्रातून सत्याग्रही येथे आले. त्यांत पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबीही होते; पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावरील मराठी पुस्तक त्यांचेच.

मासळीच्या या किनाऱ्यावर येणाऱ्या जैन कुटुंबाच्या मनात पहिली शंका जेवणाची असते. गोडाच्या बाबतीत तरी ती व्यर्थ आहे. येथील पक्वान्ने बहुधा वाफेवर होतात आणि तांदूळ, नारळ व गूळ यांवर भागतात: मोदक, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नारळाच्या गोड रसात बुडविलेले शिरवाळे. भट्टी लागत नाही, कांदा-लसणाचा प्रश्नच नाही. वाफेच्या या स्वयंपाकघराला कोरियाचा एक पदार्थ शेजारच्या गावचा वाटावा इतका जवळचा आहे.

त्याचे नाव जिनपांग. ‘जिन’ म्हणजे वाफवलेला, ‘पांग’ म्हणजे पाव. आणि गंमत अशी की हा ‘पांग’ आणि आपला ‘पाव’ हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज. एक जपानमार्गे कोरियात पोहोचला, दुसरा गोव्यातून आपल्याकडे आला. शिरोड्याहून थोड्याच अंतरावर असलेला तेरेखोलचा किल्ला त्याच पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. कोरियन मालिकांमुळे हा पांढराशुभ्र, गरम बन आता आपल्या घरांतल्या मुलांच्याही ओळखीचा झाला आहे. मुले तो मागतात, आणि आईपुढे प्रश्न उभा राहतो.

कारण मूळ कृती आपल्याला चालणारी नाही. कणीक फुगते ती यीस्टने, आणि जुन्या पद्धतीत तर मक्कॉल्ली नावाच्या तांदळाच्या मद्याने. यीस्ट वर्ज्य म्हणून काही जणी दही आणि सोडा घालतात. पण आत कडधान्याचे सारण असताना कच्चे दही घातले की द्विदलाचा दोष आलाच! यीस्ट टाळले म्हणजे सुटलो, असे मानणारे येथेच चुकतात. शिरोड्याच्या स्वयंपाकघरात याचे उत्तर हाताशी असते, ते म्हणजे नारळाचा रस. तो दूधही नव्हे, दहीही नव्हे, आणि त्याने बनाला जो मऊपणा येतो तो दह्यानेही येणार नाही.

सारणासाठी कोरियात ‘पात’ नावाचे लाल कडधान्य घेतात. ते आपल्या मूग-मटकी-चवळीच्याच कुळातले. पावसाळी भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर कोकणात कुळीथ आणि चवळी होते; तेरेखोलपलीकडे गोव्यात अळसांदे आवडीने खातात. लाल चवळी घेतली की काम भागते. ती सकाळी भिजवावी, रात्रभर नव्हे. मोड येऊ देऊ नयेत. पाच-सहा तासांनी पहिल्या उकळीचे पाणी टाकून, नव्या पाण्यात बोटाने चुरडेल इतकी शिजवावी. वाटीभर चवळीला पाऊण वाटी गूळ पुरे. गूळ मात्र चवळी पुरती शिजल्यावरच घालावा, आधी घातल्यास ती दडदडीत राहते. मग पुरणासारखे आटवावे आणि चिमूटभर मीठ टाकावे. कोरियन बायकाही हे मीठ विसरत नाहीत. त्याच्याशिवाय गोडी सपाट लागते.

दोन वाट्या मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे साखर, किंचित मीठ आणि मावेल तेवढा कोमट नारळाचा रस, साधारण पाऊण वाटी. कणीक मऊ मळून दहा मिनिटे झाकावी, अधिक नको. फुगवण्याची शक्ती वाफेसाठी राखायची. लिंबाएवढ्या गोळ्यात सारण भरून मोदकासारखे तोंड बंद करावे आणि ती बाजू खाली ठेवावी. हळदीचे पान खाली घातल्यास सुगंध अपूर्व येतो. चातुर्मासात पाने वर्ज्य मानणाऱ्या घरी ओल्या फडक्यावर ठेवावेत. गोळ्यांत दोन बोटांचे अंतर हवे. मोदकपात्रात पंधरा मिनिटे वाफवून, आच बंद केल्यावर झाकण थोडे कलते करून दोन मिनिटे थांबावे. एकदम उघडल्यास बन बसतात.

कोरियात हे बन थंडीच्या दिवसांत दुकानाच्या दाराशी वाफाळत विकले जातात, आणि उरले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवतात. आपल्याकडे ओलसर अन्न वासी ठेवायचे नाही. म्हणून चवळी सकाळीच भिजत पडली पाहिजे, दुपारी चारला सारण तयार पाहिजे, आणि दहा बन झाले तर चार शेजारी धाडावेत. सूर्य वेळागरच्या पाण्यात टेकण्यापूर्वी पात्र रिकामे होते.