रुमालात बांधलेले राज्य

पुणे स्टेशनसमोर रिक्षात बसले आणि म्हटले, "पेशवे दफ्तर." रिक्षावाल्याने मीटर टाकता टाकता विचारले, "म्हणजे शनिवारवाडाच ना, ताई?" मी म्हटले, "नाही, पुराभिलेखागार." आता मात्र त्याने मागे वळून पाहिले. शेवटी "कौन्सिल हॉलजवळ" म्हटल्यावर रिक्षा सुटली.

त्या बिचाऱ्याचा काय दोष? शनिवारवाडा बघायला गावोगावच्या सहली येतात. पण ज्या कागदांवर त्या वाड्यातला कारभार चालला, ते कागद कुठे आहेत हे पुणेकरांतही थोड्यांनाच ठाऊक असते. वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरले आहेत ते तट, बुरूज आणि जोती. कागद मात्र शिल्लक आहेत. खरी पेशवाई पाहायची असेल तर ती इथे, या दगडी इमारतीत.

इमारत १८९१ साली पुरी झाली, तीही मुद्दाम दफ्तरासाठीच. आत गेल्यावर बाहेरच्या रहदारीचा आवाज एकदम मागे पडतो. ओळीने रॅक आणि रॅकवर कापडी गाठोडी. या गाठोड्याला इथे 'रुमाल' म्हणतात. खिशातला रुमाल नव्हे. कागदांचा गठ्ठा चौकोनी कापडात ठेवून चारी टोके गाठ मारून बांधायची, की झाला रुमाल. असे सुमारे ३९ हजार रुमाल या एका दफ्तरात आहेत आणि त्यांत कोट्यवधी कागद. बहुतेक मोडी लिपीत, काही फार्सी, इंग्रजी.

या कागदांत लढाया आहेतच, पण लढायांपेक्षा जमाखर्च जास्त. किल्ल्यावर धान्य किती शिल्लक, श्रावणात दक्षिणा कोणाला किती दिली, कुठल्या गावचा सारा थकला, दुष्काळात कोणाला सूट मिळाली. पेशव्यांच्या रोजच्या नोंदी म्हणजे 'रोजकीर्द'. त्याशिवाय शाहू दफ्तर आहे, आंग्रे दफ्तर आहे. एक राज्य रोज सकाळी उठून काय करीत होते, ते इथे लिहिलेले आहे.

हे सगळे टिकले कसे? इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाती हे दफ्तर आले. नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न होता पैशाचा: कोणती जमीन सरकारी, कोणती इनाम? ज्याच्या हाती दफ्तर, त्याच्या हाती उत्तर. पुढे इनाम कमिशन आले, १८५२ साली त्याचा कायदा झाला आणि घरोघर सनदा मागितल्या गेल्या. ज्याची सनद दफ्तराशी जुळली त्याचे इनाम राहिले. ज्याची जुळली नाही त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन गेली. कित्येक वर्षे या कचेरीचे इंग्रजी नावच 'एलिएनेशन ऑफिस' होते. तेव्हा हा कागद कोणाचे घर वाचवीत होता, तर कोणाचे बुडवीत होता.

अभ्यासकांना मात्र हे दार सहजासहजी उघडले नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या खटपटीने रोजनिश्यांतले उतारे निघाले, ते गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले. मग १९२९-३० च्या सुमारास रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई इथे येऊन बसले. बडोद्याची नोकरी संपवून निवृत्त झालेला, साठी उलटलेला माणूस! सर जदुनाथ सरकार पाठीशी होते. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. आठ हजारांवर कागद उजेडात आले. कोट्यवधींतले आठ हजार! आभाळातल्या पावसातली ओंजळ म्हणायची.

मी हे सगळे ऐकत होते, एवढ्यात एक आजोबा आत आले. जुन्नरकडचे शेतकरी. डोक्याला टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, बरोबर कॉलेजात जाणारी नात. पिशवीतून त्यांनी एका मोडी कागदाची झेरॉक्स काढली. घरच्या ट्रंकेत सापडलेली. "साहेब, एवढं वाचून द्या. आमची कुणबी नोंद यात असंल."

२०२३ साली राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. नोंद सापडली तर मुलाबाळांच्या दाखल्याचा प्रश्न सुटणार. कालपर्यंत उंदरांच्या वाट्याला गेलेली ट्रंक आज घरातली सगळ्यांत मोलाची चीज झाली आहे.

मोडीजाणकारांनी चष्मा सारखा केला. मोडी वाचणे म्हणजे नुसती अक्षरे ओळखणे नव्हे. लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढणार आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जाणार. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कुठे एक शब्द संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला, ते अर्थावरून ओळखायचे. सनही सरळ नाही. पानिपत ज्या साली झाले ते साल कागदात 'इहिदे सितैन मया व अलफ' असे यायचे. अरबीत एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवायचे, तेव्हा १७६०-६१ हाती लागते.

आजोबांच्या कागदावर बोट हळूहळू सरकत होते. नात श्वास रोखून पाहत होती. वाचून झाले. "आजोबा, ही सारा भरल्याची पावती आहे. तुमच्या पूर्वजांचं नाव आहे, गावाचंही आहे. पण तुम्हाला हवा तो शब्द यात नाही." आजोबांचा चेहरा उतरला. "मग एवढ्या मोठ्या दफ्तरात नसंल का?"

असण्याचा संभव थोडा. हे राज्याचे दफ्तर. घरोघरच्या जन्ममृत्यूची नोंद इथे कशी असणार? ती गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये, आणि ते बुक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. आजोबांना तिकडचा रस्ता सांगितला गेला.

माझे मन तिथेच अडले. अशी एक तालुक्याची अभिलेख खोली मी पाहिली होती. खिडकीची काच फुटलेली, पावसाची झड थेट कपाटावर, वरच्या फळीवर मोडकी खुर्ची आणि खालच्या गठ्ठ्यांना वाळवी. मोठ्या दफ्तरातल्या पेशव्यांच्या कागदाची काळजी घेणारे कोणीतरी असते. पण ज्या नोंदीवर तुमच्या-माझ्या नातवंडांचा दाखला अवलंबून, ती अशा खोलीत पडलेली असते.

नियम नाहीत असे नाही. सरकारी कचेरीतली प्रत्येक फाइल अ, ब, क, ड अशा वर्गांत घालायची असते. 'अ' कायमची, 'ब' तीस वर्षांची, 'क' दहा वर्षांची, 'ड' काम संपल्यावर वर्षभरात नष्ट करायची. टेबलावरच्या कागदांसाठी 'सहा गठ्ठे पद्धत' आहे. त्यांतला एक गठ्ठा अभिलेख कक्षाकडे जाणारा, एक नाशाकडे जाणारा. २००५ साली महाराष्ट्राने सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही केला. सगळा खेळ आहे तो गठ्ठा बांधणाऱ्या कारकुनाच्या हाती. त्याने 'अ' च्या जागी 'ड' लिहिले, तर पन्नास वर्षांनी कोणाचे तरी आजोबा रिकाम्या हाताने परत जातील. आपल्याकडे 'दफ्तरी दाखल' म्हणजे गाडून टाकलेले प्रकरण असा अर्थ झाला आहे. खरे तर दफ्तरी दाखल होणे म्हणजे जिवंत राहणे.

आणखी एक गंमत इथे कळली. जुना कागद नव्यापेक्षा चिवट असतो. पेशव्यांचा कागद हाताने केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा; शाई काजळीची. पाणी लागले नाही, कसर लागली नाही, तर तो शतके टिकतो. उलट इंग्रजी अमदानीतली लोहयुक्त शाई आम्लधर्मी, ती कागदच खात जाते. आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून पापडासारखा मोडतो. त्यामुळे पणजोबांचा कागद शाबूत आणि वडिलांच्या फाइलचा भुगा, असा उलटा न्याय पाहायला मिळतो. फाटलेल्या कागदाला पातळ टिश्यू आणि खळ लावून जोडतात. काम सावकाशीचे; घाई केली की कागद गेलाच.

आता कागदांचे फोटो निघत आहेत, संगणकावर चढत आहेत. चांगलेच आहे, मूळ कागदाची हाताळणी कमी होते. पण संगणकावरचा मोडी कागदही शेवटी मोडीच. तो वाचणारा नसेल, तर गाठोडे कापडाचे असो की विजेचे, बंदच.

तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. एवढे कराल? कागदांतल्या टाचण्या आणि रबरबँड काढून टाका, त्या गंजून आणि चिकटून कागद खातात. फाटलेल्यावर चिकटपट्टी लावू नका आणि हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नका. स्वच्छ सुती कापडात, कोरड्या जागी, भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा. फोटो काढून ठेवा. आणि मुख्य म्हणजे मोडी जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या.

निघताना दारात आजोबा आणि नात भेटले. आजोबा झेरॉक्सची घडी नीट घालत होते. नात आतल्या मोडीजाणकारांना विचारून आली होती, मोडी शिकायला किती दिवस लागतात. "अक्षरं पंधरा दिवसांत येतील म्हणाले," ती सांगत होती. "कागद वाचायला मात्र वर्ष-दोन वर्षं."

"मग शीक की," आजोबा म्हणाले. "तहसिलात काय गावलं, तर वाचायला घरचं माणूस पाहिजेच."

दोघे रस्ता ओलांडून जुन्नरची एस. टी. धरायला गेले.