आडवाटेचा आनंद

सडक बांधावी लागते, वाट पडते. सडकेसाठी अभियंता हवा, यंत्रे हवीत, खडी आणि डांबर हवे. वाटेला यांपैकी काहीच लागत नाही. गुरे पाण्यावर जातात, बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन उतरतात, भाविक देवाचा डोंगर चढतात आणि वर्षानुवर्षांच्या त्या पावलांनी गवतातून एक रेघ उमटते. तीच वाट. अशा वाटांवरून सायकल चालवणे हा माझा आवडता छंद आहे. सेवानिवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन दिवस तरी माझी सायकल सडक सोडून डोंगराकडे वळते.

“गुरुजी, चांगली गुळगुळीत सडक असताना दगडधोंड्यांतून का जाता?” असे मला पुष्कळजण विचारतात. सडकेवर माझे सारे लक्ष मागून येणाऱ्या मोटारींकडे असते. आडवाटेवर मात्र डोळे, कान, हात, पाय सारेच कामाला लागतात. कोठे ब्रेक दाबावा, कोठे आसनावरून उठावे, कोठे निमूटपणे उतरून सायकल हाती धरावी, हे वाट पावलोपावली विचारीत असते. आणि एवढे करूनही तित्तिराचा आवाज व ओल्या मातीचा वास चुकत नाही.

या छंदाने खेळाचे रूप घेतले ते फार पूर्वी नव्हे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात, काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतरू लागले. एका वाटेचा उतार इतका तीव्र होता, की मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून १९७६ साली तेथे सुरू झालेल्या शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असेच नाव मिळाले. पुढे २० वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपल्या खेड्यांतील दूधवाले आणि टपालवाले मात्र कोणतेही पदक न मिळवता असल्याच वाटांनी सायकली हाकीत आले आहेत!

चांगली वाट शोधावी कशी? माझे या बाबतीत तीन गुरू आहेत.

पहिला गुरू नकाशा. महसूल खात्याच्या गावनकाशावर तुटक दुहेरी रेषा दिसली, की ती गाडीवाट समजावी. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशावर तपकिरी समोच्च रेषा असतात. त्या जेथे दाटीने येतात, तेथे चढ खडा. जेथे विरळ होतात, तेथे सौम्य. भूगोलाच्या तासाला नीरस वाटणाऱ्या या रेषा सायकलीवर बसल्यावर एकदम बोलू लागतात.

दुसरा गुरू जमीन. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत तो अहमदनगर या नावाने ओळखला जाई) सखल भागात काळी माती आणि माथ्यांवर मुरूम आढळतो. पावसाने भिजलेली काळी माती चाकाला अशी बिलगते, की चाक फिरेनासे होते. मुरमाची वाट मात्र लवकर निथळते. म्हणून पाऊस झाल्यावर माथ्याची वाट धरावी आणि शेतांमधल्या पाणंदी हिवाळ्यासाठी राखून ठेवाव्या. बाभळीचे काटे व सराटे कोणाचीच गय करीत नाहीत. हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढण्याचे सामान बरोबर हवेच.

तिसरा गुरू, आणि सर्वांत थोर, म्हणजे त्या वाटेने रोज जाणारा माणूस. हा गुरू मला भेटला तो नगर शहराजवळच्या एका डोंगरावर. दोन वाटा फुटल्या होत्या. एक डोंगराला वळसा घालून सावकाश उतरत होती, दुसरी सरळ खाली धावत होती. जवळच एक वृद्ध बाई शेळ्या राखीत होत्या. मी विचारले, “मावशी, खाली गावात जायला यांतली कोणती वाट बरी?”

“मास्तर, ही वळणाची वाट आमची,” त्या म्हणाल्या. “ती सरळ दिसती ना, ती वाट न्हाई, जखम हाय.”

मला उमगेना. तेव्हा त्यांनी मला काठीने दाखवले. मागल्या वर्षी काही हौशी मुले गाड्या आणि सायकली घेऊन वारंवार सरळ उताराने गेली होती. चाकांनी गवत उपटले, मातीत रेघ पडली आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्या रेघेची घळ झाली. डोंगराच्या अंगावर गावाने पाणी अडवण्यासाठी आडवे चर खणले होते. घळीतून वाहून आलेल्या मातीने त्यांतले दोन चर बुजून गेले होते.

“ह्या चरांनी आमच्या विहिरीला पाणी आलं,” त्या म्हणाल्या. “पोरांना ठावं नसंल. तुम्ही शिकवता ना? मग सांगा त्यांना.”

म्हणून, मुलांनो, मी ते तुम्हांला सांगत आहे. आपला जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेत आहे. येथे पडणारा पाऊस थोडा, आणि तोही डोंगरावरून पळून जाऊ पाहणारा. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी १९८९ नंतरच्या काळात असेच समपातळी चर खणले, मोकाट चराई आणि वृक्षतोड बंद केली आणि दुष्काळाने पोळलेले आपले गाव पुन्हा हिरवे केले. आडवा चर पाण्याला थांबवतो. उभी रेघ त्याला पळवते. गुराख्यांच्या जुन्या वाटा वळणे घेत उतरतात त्या उगाच नव्हे. सावकाश उतरणाऱ्या वाटेवर गुरांचे पायही सांभाळले जातात आणि मातीही.

याच कारणाने मी वाट सोडून गवतात शिरत नाही. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. बहुधा चार असतात, आणि रंग असा की खडे आणि अंडी यांत भेद कळू नये. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालीत ओरडू लागली, की आम्ही सायकलीवरून उतरतो आणि वाटेवरूनच पायी पुढे होतो. दोन मिनिटे आमची जातात. तिचा सारा संसार वाचतो.

आमच्या जिल्ह्यात हिंडण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. पाथर्डीच्या रस्त्यालगत डोंगरमाथ्यावर अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. उत्तरेस डोंगरगण आणि मांजरसुंबा यांचा टेकड्यांचा मुलूख आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात तर साक्षात सह्याद्री उभा आहे; १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर तेथेच आहे. तथापि तेथील बराचसा प्रदेश १९८६ पासून अभयारण्यात मोडतो. अशा ठिकाणी वनविभागाची परवानगी घेतल्यावाचून आणि नेमून दिलेल्या मार्गावाचून सायकल नेऊ नये. ते घर दुसऱ्यांचे आहे; आपण तेथे पाहुणे.

तुम्हीही एखाद्या रविवारी सकाळी घरच्या मोठ्या माणसाबरोबर निघा. डोक्यावर शिरस्त्राण, बरोबर भरपूर पाणी आणि गाठीला दोन भाकरी असाव्यात. कोणी गुराखी भेटला तर आधी रामराम करा, मग वाट विचारा. तो जी दाखवील ती कदाचित लांबची असेल. पण तिच्यामागे कित्येक पिढ्यांचे शहाणपण असेल. पाऊस येऊन गेल्यावर तुमच्या चाकांची खूण त्या वाटेवर उरली नाही, तर तुम्ही ती चांगली चाललात, असे खुशाल समजा.