सवाब

"आपा, तालाब में छोड देंगे, सवाब मिलेगा."

काच साफ करतो म्हणून मुलांनी वर्गणी काढून आणलेला काळा, खरबरीत मासा आता वर्गातल्या पेटीत मावत नव्हता. सिद्धेश्वर तलावात सोडायला मीही तयार झाले होते.

मग उजनीचा काठ आठवला. तिथे एक मच्छीमार फाटलेलं जाळं शिवत बसला होता. शेजारी हेच मासे पडलेले. हा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांच्या पेट्यांतून नदी-तलावांत गेला आणि फोफावला. अंगावर चिलखतासारखं कडक आवरण, परांना काटे. अडकला की जाळं फाडतो. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पाण्याबाहेरही तो बराच वेळ तग धरतो.

"परत सोडला तर उद्या पुन्हा जाळ्यात येणार. म्हणून खड्डा करून पुरतो," मच्छीमार म्हणाला. या कामाची मजुरी त्याला कोण देणार? उलट जाळ्याचा खर्च त्याच्याच अंगावर.

मुलांना हे सांगितलं. सगळी गप्प झाली.

शेवटी शाळेतल्या जुन्या सिमेंटच्या टाकीत मासा ठेवला. दर शनिवारी पाणी बदलायची पाळी मुलांची. सोडून देणं सोपं, सांभाळणं जड. सवाब कशात, ते आता मुलं विचारत नाहीत.