एन-दोरची बाई

गेले काही महिने एक वेगळाच नाद लागलाय. प्राचीन इस्राएलच्या ग्रंथांत जादूटोणा आणि संकटातले विधी कुठे कुठे येतात, ते शोधत बसते. एकच देव माना म्हणून बजावणारे हे ग्रंथ, पण त्यांत हे सगळं आहे आणि भरपूर आहे!

‘अनुवाद’च्या १८व्या अध्यायात बंदीची यादीच दिलीय. शकुन पाहणारे, मंत्र घालणारे, मेलेल्यांना कौल लावणारे... सगळे वर्ज्य. पण ‘गणना’मध्ये मोशे स्वतः पितळेचा साप करून खांबावर लावतो, आणि सर्पदंश झालेले त्याच्याकडे बघून वाचतात. कितीतरी पिढ्यांनंतर हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागलेले असतात. म्हणजे वस्तू तीच. कालचा देवाचा उपाय आज मूर्तिपूजा ठरला.

सगळ्यात जास्त रेंगाळले ती शौल राजाच्या गोष्टीपाशी. देशातल्या भूतविद्या जाणणाऱ्यांना त्यानेच हाकलून दिलेलं. पुढे पलिष्ट्यांचं सैन्य समोर येऊन ठाकतं. स्वप्नं, उरीम, संदेष्टे, कुठूनच देवाचं उत्तर येत नाही. मग हा राजा वेष पालटून, रात्री, एन-दोरच्या एका बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला बोलवायला सांगतो. उत्तर मिळतं ते मरणाचं. दिवसभराचा उपाशी शौल जमिनीवर कोसळतो. तेव्हा ती बाई काय करते? घरातलं पोसलेलं वासरू कापते, भाकरी भाजते आणि त्याला आग्रहाने जेवू घालते. कायद्याने जिला गुन्हेगार ठरवलं, तिच्याच घरी राजाचं शेवटचं जेवण!

बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हा आत्याने त्यांच्या मनगटाला मंतरलेला दोरा बांधला होता. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तो सोडायला माझा हात धजावला नाही. बाबा गेले, दोरा तसाच होता.

१९७९ साली जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोममध्ये, एका जुन्या कबरीत, चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. बहुधा गळ्यात घालायचे ताईत. आत काय कोरलंय? ‘गणना’मधल्या याजकांच्या आशीर्वादाशी जुळणारे शब्द. याजकाच्या तोंडी आशीर्वाद, गळ्यात बांधला की ताईत...

बंदीचे कायदे शांत दिवसांत लिहिले जातात, असं आता मला वाटतं. उत्तर न येणाऱ्या रात्री माणसं एन-दोरची वाट विचारतात. आणि आत्या काय, ती बाई काय, अशा वेळी जवळ थांबणारं कुणीतरी लागतंच ना?